गाभडलेल्या मेंढ्यांचं वर्ष

हेब्बाळ, बेंगळूर
१९ जानेवारी १९७५

प्रिय बाणूवैनी,

तुला वैनी म्हणायचं की नाही, या एका शब्दापायी काल तीन कागद फाडले. ‘श्रीमती बाणूबाई’ लिहून पाहिलं तर तहसील कचेरीची नोटीस वाटली. ‘बाणूअक्का’ लिहिलं तर आपण कधी एका घरात राहिलोच नव्हतो असं झालं. शेवटी तोंडात बसलेलं नावच लिहिलं. खटकलं तर खोडून पुढं वाच. पाकिटावर मुद्दाम तुझंच नाव घातलंय, तुझ्या भावाचं, माळप्पाअण्णाचं नाही. साडेसहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एवढं जाड पाकीट कामून पाठवायलाय, असं तुला वाटेल. मलाही ते नीट सांगता येत नाही. सांगायच्या गोष्टी तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. तेव्हा जशा सुचतील तशा लिहितो.

मी इथं जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल. मी निघालो तेव्हा अप्पा अख्ख्या वस्तीसमोर हसले होते. "मेंढराला काय झालंय ते बघायला पोरगं बेंगळूरला जायलंय! कामून? हिथली मेंढरं मुकी हैत आन् तिथली बोलत्यात व्हय?" पहिलं वर्षभर मलाही वाटायचं, अप्पांचंच खरं. सगळं शिकणं इंग्रजीत. इथली कानडी आपल्याकडच्यासारखी नाही, मी तोंड उघडलं की मेसमधली पोरं विचारायची, हा उर्दू बोलतो का मराठी? खोलीत खाटेखाली पोत्यात घोड्याची हाडं ठेवून आम्ही झोपायचो. परीक्षेला डोळे मिटून नुसत्या हातानं हाड चाचपायचं आणि कुठल्या जनावराचं, डाव्या अंगाचं का उजव्या, ते सांगायचं. त्याच वर्षी कळलं की गाईच्या पुढच्या पायाचा आपण ज्याला गुडघा म्हणतो तो गुडघा नव्हेच, ते तिचं मनगट आहे. माणसाचं आणि जनावराचं शरीर शेजारी शेजारी मांडून शिकवतात तेव्हा अशा गोष्टी निघतात. मी जन्मापासून जनावरांत वाढलेला, आणि इतकी वर्षं गाईच्या मनगटाला गुडघा म्हणत आलो. तेव्हापासून जे जे मला पक्कं ठाऊक होतं त्याच्यावरचा भरवसाच उडाल्यासारखा झालाय.

तू आपल्या घरी आलीस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. तुझा नवरा म्हणजे लिंगाप्पाअण्णा दिवसभर मेंढरांमागं आणि माय शेतात. तुझ्याशी बोलायला घरात मीच. माझी पाटी बघून तू म्हणालीस, "मला बी दाव की, पिरू, ह्यो काय कोरून ठिवलाय?" माळावर मेंढरं पांगली की आपण खडकावर बसून अक्षरं काढायचो. तुझा ‘ळ’ सारखा उलटा पडायचा. दोन वर्षांत तू बसच्या पाट्या वाचायला लागलीस आणि मायनं कपाळाला हात लावला. आणखी एक आठवतं. कोकरू जन्मलं आणि श्वास घेईना, तर बाकीचे त्याला पाय धरून झटकायचे. तू मात्र त्याच्या नाकाला तोंड लावून फुंकर घालायचीस. एकदा, दोनदा, पाचदा. मग ते शिंकायचं, तू लुगड्यानं तोंड पुसायचीस आणि हसायचीस. मेंढीची वार अडकली की तूच हात घालून काढायचीस, कारण तुझा हात बारीक. अप्पा चारचौघांत म्हणायचे, सून आली आन् मेंढरं वाचाया लागली. हे त्यांनी म्हटलेलं आहे, वैनी. मी ऐकलंय.

आता गुरुशांतप्पा सरांचं सांगतो. आमचे मास्तर, कलबुर्गीकडचे, त्यामुळं माझी कानडी त्यांना एकट्यांनाच कळते. माणसाला आणि जनावराला एकच रोग कसा होतो, एकाकडून दुसऱ्याकडं कसा जातो, हा विषय ते शिकवतात. गेल्या ऑगस्टात त्यांनी मेंढ्या-शेळ्यांचा एक रोग शिकवला. त्यात गाभण मेंढी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभडते. रोगाचे जंतू वारेत, व्यायल्यावर पडणाऱ्या पाण्यात, दुधात असतात. ज्या माणसाचे हात त्यात जातात, किंवा जो कच्चं दूध पितो, त्याला ताप धरतो. संध्याकाळी चढतो, पहाटे घामानं अंथरूण भिजवून उतरतो, महिनाभर जातो आणि परत येतो. सांधे धरतात. हिवताप समजून लोक कोयनेल खात राहतात. रोग ओळखायची सोपी रीत आहे. रक्त तीन तास ठेवलं की वर पिवळसर पाणी येतं. त्याचा थेंब काचेवर ठेवून बाटलीतल्या रंगीत औषधाचा थेंब मिसळायचा आणि काच हलवायची. रोग नसेल तर मिश्रण गुळगुळीत राहतं. असेल तर दूध नासल्यासारखे कण धरतात. ते शिकवताना सरांना निरोगी माणसाचं रक्त पाहिजे होतं, दोन्हींतला फरक दाखवायला. वर्गात सगळ्यात दणकट मीच, म्हणून मी हात पुढं केला. सरांनी काच हलवली. आणि वैनी, माझ्या थेंबात कण धरले.

पोरं हसली. सर हसले नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, ताप येतो का? मी नाही म्हणालो. मग रात्री खाटेवर पडल्यावर आठवलं, दहावीच्या वर्षी मी दोन महिने संध्याकाळी तापायचो. तू माझ्या अंगावर घोंगडं टाकायचीस आणि सकाळी ओला सदरा वाळत घालायचीस. त्या वर्षी तूही तापायचीस. स्वयंपाक करता करता भिंतीला टेकायचीस आणि मायला दिसलं की उठून उभी राहायचीस. आणि ते वर्ष कुठलं? अडुसष्ट. मेंढ्या गाभडल्या ते वर्ष. सव्वाशेतल्या चाळीसेक मेंढ्यांनी गाभ टाकला होता, मेंढरांच्या वाडग्यात रोज सकाळी एक-दोन मेलेली पिल्लं पडलेली असायची, आणि ती तूच उचलायचीस. त्याच उन्हाळ्यात तुझं तिसऱ्यांदा पोट पडलं. मी त्या दिवशी शाळेतून आलो तर तू खाली बघत जात्यापाशी बसली होतीस.

लोकांनी आधी हळू आणि मग उघड बोलायला सुरुवात केली. तिचं टिकत न्हाई, तिच्या हातानं मेंढराचं बी टिकत न्हाई. तू माहेरी गेलीस, तुला परत आणलंच नाही, आणि पुढच्या वर्षी मेंढ्या नीट व्यायल्या. झालं, सगळ्यांना पुरावा मिळाला. मलाही मिळाला, खोटं कशाला बोलू. आता सर सांगतात की या रोगाचं असंच असतं. मेंढी पहिल्या खेपेला गाभ टाकते, पुढच्या खेपेला बहुतेक टिकतो. रोग गेला असं वाटतं आणि तो तिथंच असतो, दुधातून आणि वारेतून जात राहतो. कळपात नवीन मेंढ्या आल्या की त्या गाभडतात. म्हणजे तू असतीस तरी पुढच्या वर्षी त्या नीटच व्यायल्या असत्या.

हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, धावत जाऊन पहिली बस धरावी, हुलसूरला तुझ्या दारात उभं राहावं आणि ओरडून सांगावं की ते तुझ्यामुळं नव्हतं, मेंढ्यांचा रोग तुझ्या पोटाला बाधला होता. पण आधी सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मेंढीचं पक्कं आहे. माणसाला ताप येतो तेही पक्कं आहे. बाईचा गर्भ याच्यामुळं पडतो का, याबद्दल पुस्तकांचं एकमत नाही. काही म्हणतात पडतो, काही म्हणतात नुसत्या तापानंही पडू शकतो, काही म्हणतात संबंध नाही. "पिराप्पा, तुला जे उत्तर पाहिजे ते माझ्याकडं नाही." मी ग्रंथालयात आठ दिवस बसलो. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन जेवढं सापडलं तेवढं वाचलं. एका पुस्तकात हो म्हटलं की मला बरं वाटायचं आणि दुसऱ्यात नाही दिसलं की त्याच्या लेखकाचा राग यायचा. रोग शिकायचा हा काही मार्ग नव्हे, हे मलाही कळत होतं. म्हणून तुला लिहिलं नाही. अर्धवट काय लिहू?

तेवढ्यात डिसेंबरात अप्पांचं कार्ड आलं, शाळेतल्या मास्तरांच्या हातचं. सुट्टीत ये, घरचं काम आहे, ते बाहेरच्याला सांगण्यासारखं नाही, एवढंच. लिंगाप्पाअण्णानं दुसरं लग्न केलं ते तुला ठाऊक आहेच. तिचं नाव जगदेवी. गरीब आहे, तोंडानं फटकळ आहे, मला आवडते. तिचं मागल्या वर्षी पोट पडलं आणि या दिवाळीआधी पुन्हा पडलं. आणि मागल्याच वर्षी अप्पांनी औरादच्या बाजारातून पंधरा नवीन मेंढ्या आणल्या होत्या, त्यांतल्या नऊ गाभडल्या. आता पुढचं तुला सांगायला नको. कार्ड वाचल्या वाचल्या मला कळलं की काम कसलं आहे. जगदेवीच्या बापाला, पोरीला घेऊन जा म्हणून चिठ्ठी लिहायची होती आणि ती माझ्याकडून.

जाताना भालकीच्या स्टँडवर माळप्पाअण्णा भेटला. मी पाया पडलो. त्यानं पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. तुझा ताप अजून येतो हे त्याच्याकडूनच कळलं. "सांजच्याला अंग तापतंय, पहाटं लुगडं भिजतंय, गुडघं धरल्यात, खाली बसाया येत न्हाई." म्हणाला, तुझ्यासाठी दोन ठिकाणांहून मागणं आलं होतं, दोन्ही मोडलं. भावकीतले लोक तुला त्यांच्या मेंढरांना हात लावू देत नाहीत, म्हणून तू स्वतःच्या शेळ्या पाळल्यास आणि आता चाळीस झाल्यात. मी विचारलं, मोडलं कामून? तो बसकडं वळला. "तुला ठाव न्हाई?" एवढंच म्हणाला आणि बसमध्ये चढला.

घरी गेलो ते सरांनी दिलेली औषधाची बाटली आणि काच घेऊन. अप्पांना म्हणालो, चिठ्ठी मागनं, आधी मेंढ्यांचं रक्त बघू. वस्तीवरचे लोक तमाशा बघायला जमावेत तसे जमले. वीस मेंढ्यांच्या मानेतून रक्त काढलं, सावलीत ठेवलं, तीन तासांनी अंगणात बाजेवर काच ठेवून एकेक थेंब हलवला. विसांतल्या आठांत कण धरले. मग माणसांची पाळी. अप्पांनी नाही म्हटलं. माय म्हणाली, माझं म्हातारीचं काय बघायचंय. लिंगाप्पाअण्णानं हात पुढं केला. त्याच्या थेंबात कण धरले, चांगले ठसठशीत. मग जगदेवी आली, बाही वर केली, तोंड दुसरीकडं फिरवलं. तिचा थेंब मी दोन मिनिटं हलवला, चार मिनिटं हलवला. दुसरा थेंब घेतला. गुळगुळीत. वैनी, तिच्या रक्तात काहीच नव्हतं.

मी अप्पांना समजावून सांगायला गेलो की न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, कधी कधी दिसायचं राहतं, कधी जुनं होऊन पुसतं. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मेंढराला रोग हाय, लिंगाप्पाला हाय, तुला हाय. हिला न्हाई. मग हिचं कामून पडतंय? म्हंजी हिच्यातच काय तरी हाय की." आणि त्यांनी माझ्यासमोर वही ठेवली. चार वर्षं शिकून मी जी काच बेंगळूरहून नेली, तिनंच जगदेवीला दोषी ठरवलं. मी वही उचलली नाही, एवढंच केलं. अप्पा म्हणाले, शिवरात्रीपतुर इचार कर, न्हाईतर मास्तर हैतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जगदेवी विहिरीवर होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं. तुझ्या बापाला चिठ्ठी लिहायचं चाललंय, मी लिहिणार नाही, पण दुसरा कुणी लिहील, आणि कालच्या काचेचा अर्थ अप्पा लावतात तसा नाही. तिनं घागर काठावर ठेवली. मग म्हणाली, "भावजी, मला हे तोंडावर सांगणारं ह्या घरात तुमीच पयलं. मी काय मुकाट जाणार न्हाई. मला घालवायचं आसंल तर माझ्या बापाला हिथं बोलवा आन् माझ्यादेखत बोला." मग थोड्या वेळानं तिनं तुझी चौकशी केली. बाणूअक्का कशा हैत? मी माळप्पाअण्णानं सांगितलेलं सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या तापाचं बघा आधी.

ती ‘तोंडावर सांगणारं’ म्हणाली तेव्हा मला तिच्याकडं बघता येईना. आता ते लिहितो, खरं तर ज्याच्यापायी काल ते तीन कागद गेले. अडुसष्टच्या आषाढात तुझ्या बापाला गेलेली चिठ्ठी माझ्या हातची होती, हे तुला माहीत आहेच. तुझ्या बापाला वाचता येत नव्हतं, त्याला ती दुसऱ्या कुणी वाचून दाखवली असेल, पण माहेरी गेल्यावर तूही वाचली असणार. आणि तू वाचायला शिकलीस तेच माझ्या अक्षरावरून. पण त्यातलं एक तुला ठाऊक नाही. अप्पांनी मला एवढंच सांगितलं होतं, "लिही, पोरीला घिऊन जा म्हणावं. आमाला जमना." बाकी काही नाही. मी दहावीला होतो, मराठीत वर्गात पहिला. आम्हाला शिकवलं होतं की अर्जात कारण लिहावं लागतं, नाहीतर अर्ज अपुरा राहतो. म्हणून मी कारण लिहिलं. ‘कारण की, तिच्या पायगुणाने घरी मूल टिकत नाही व मेंढ्याही गाभ टाकत आहेत.’ हे वाक्य अप्पांचं नाही, माझं आहे. वाचून दाखवलं तेव्हा अप्पा म्हणाले, "शाणा हैस." मला त्याचा अभिमान वाटला होता, वैनी. लोक बोलत होते ते वाऱ्यावरचं होतं. कागदावर मी आणलं. ते कारण गावोगाव पोचलं आणि तुझी दोन मागणी मोडली, हे मला भालकीच्या स्टँडवर माळप्पाअण्णाच्या ‘तुला ठाव न्हाई?’मधून कळलं. आणि मी ते लिहीत होतो तेव्हा तू भाकरी थापता थापता विचारलंस, "काय लिवायलास, पिरू?" मी म्हणालो, माळप्पाअण्णाला बोलवायलोय, तुला पंचमीला न्यायला. तू दुसऱ्या दिवशी कासारणीला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्यास. बैलगाडीत बसताना मला म्हणालीस, ‘क्ष’ ‘ज्ञ’ राहिलंय, आल्यावर शिकव. मी हो म्हणालो.

मला माफ कर असं लिहायला लेखणी उचलली की वाटतं, हेही अर्जातलंच वाक्य झालं. तेव्हा नुसतं जे झालं ते लिहिलं. खरं म्हणजे मला आता हेही कळत नाही की मी गेले पाच महिने पुस्तकांत काय शोधत होतो. तुझा निर्दोषपणा, की माझा? तुझं पोट मेंढ्यांच्या रोगानं पडलं असं ठरलं तर माझं वाक्य खोटं ठरतं, आणि खोटं ठरलं तर मला बरं वाटेल का आणखी वाईट? आणि नाही ठरलं तर? तरी ते वाक्य खरं होत नाही. मला इथपर्यंत यायला पाच महिने लागले. पायगुणाचा रोग कुठल्याच पुस्तकात नाही. हो म्हणणाऱ्यात नाही आणि नाही म्हणणाऱ्यातही नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी पत्र लिहायला बसलो. त्या दिवशी अंगणात अप्पा आणखी एक बोलले, ते मी वर लिहिलं नाही. म्हणाले, "पयलीच्या रगतात घावलं तर मी मानतो, मेंढराचंच होतं म्हणून. मग हिला बी कोण काय म्हणणार न्हाई. दाव मला." म्हणजे जगदेवीचं घर आता तुझ्या एका थेंबावर टांगलंय, आणि ते मागायला मीच आलोय, ज्यानं तुझं घालवलं. मला लाज वाटते, पण मागतो. १२ फेब्रुवारीला, बुधवारी, मी बीदरच्या सरकारी दवाखान्यात सकाळी नऊपासून असेन. तिथं सरांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, रक्त तेच काढतील. हेही खरं सांगतो की सहा वर्षांनी तुझ्या रक्तातही काही न दिसण्याचा संभव आहे, आणि तसं झालं तर अप्पा दोघींवरही बोट ठेवतील. म्हणून मी असं ठरवलंय की काच तुझ्यासमोर हलवीन आणि जे दिसेल ते तू आधी बघशील. अप्पांना कळवायचं की नाही ते तू सांगशील. नको म्हणालीस तर मी त्यांना सांगेन की ती आलीच नाही. जगदेवीसाठी मग मी आणि लिंगाप्पाअण्णा भांडू. अण्णानं तेवढं कबूल केलंय, तुझ्या वेळी तो गप्प बसला हे त्यालाही बोचतं. पण तुझ्या तापाचा या कशाशी संबंध लावू नकोस. काचेवर काहीही दिसो, डॉक्टर तुला तपासतील, याच रोगाचा ताप असेल तर तीन आठवड्यांच्या गोळ्या आणि सुया आहेत, त्यानं तो उतरतो आणि गुडघेही सुटतात. तोवर शेळीचं दूध उकळल्याशिवाय पिऊ नकोस, आणि वार काढताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांध. तू आली नाहीस तर मी दुपारच्या गाडीनं हुलसूरला येईन, वेशीबाहेर थांबेन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला औषधाचा कागद माळप्पाअण्णाकडं देऊन परत जाईन. दारात येणार नाही. तू बोलावलंस तर येईन.

तुझाच,
पिराप्पा